नायट्रोजनवर एकच गट, तोही हवा तिथेच: अमाइनसाठीच्या उत्प्रेरकी पद्धती, वजनमापांसह

अमाइनवर (अमोनियासारख्या, नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय संयुगावर) एक अल्किल गट (कार्बन-हायड्रोजनचा तुकडा) चढवायचा म्हटलं की पहिल्यांदा हात जातो तो अल्किल हॅलाइडच्या बाटलीकडे. बेन्झिलअमाइनमध्ये बेन्झिल ब्रोमाइड टाकलं, थोडा बेस घातला, रात्रभर ढवळलं. सकाळी टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पातळ थराच्या प्लेटवर) एकाऐवजी तीन ठिपके दिसतात: न वापरलेलं अमाइन, हवं असलेलं दुय्यम अमाइन (नायट्रोजनवर दोन गट) आणि नको असलेलं तृतीयक अमाइन (तीन गट). चौथा पदार्थ, म्हणजे चतुर्थक मीठ, प्लेटच्या तळाशी चिकटून बसलेलं असतं. हॉफमन यांनी १८५० मध्ये अमोनियावर अल्किल हॅलाइडची क्रिया करून दाखवली तेव्हापासून हे मिश्रण रसायनशास्त्रज्ञांच्या पाचवीला पुजलेलं आहे.

यात चूक हाताची नसते, कारण रसायनातच आहे. अमोनियाच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए (आकडा जास्त तेवढं अमाइन तीव्र बेस) ९.२, एथिलअमाइनचा १०.७ आणि डायएथिलअमाइनचा ११.० च्या आसपास आहे. म्हणजे एक अल्किल गट चढला की नायट्रोजन आधीपेक्षा जास्त आक्रमक होतो आणि तयार झालेला पदार्थच कच्च्या मालाशी स्पर्धा करू लागतो. शिवाय सुटलेलं हायड्रोब्रोमिक आम्ल उरलेल्या अमाइनला मीठ बनवून अडकवून ठेवतं. अमाइन पाच-दहा पट घेतलं तर प्रश्न कमी होतो, पण ते अमाइनच महाग असेल तर हा उपाय परवडत नाही.

म्हणून पद्धत निवडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: पहिला गट चढल्यानंतर दुसऱ्याची वाट कोण अडवणार? अल्किल हॅलाइडच्या पद्धतीत कोणीच अडवत नाही. खाली दिलेल्या उत्प्रेरकी पद्धतींत ते काम मधला इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेला पदार्थ) करतो, नाहीतर धातूवर बसलेला लिगंड (धातूला चिकटून त्याचं वागणं ठरवणारा रेणू) करतो. हे अडवणं नेमकं कुठे होतं ते समजलं की प्रयोग बिघडल्यावर कुठे पाहायचं तेही समजतं.

आधी निवड

नवा बंध कोणत्या कार्बनशी होणार आहे ते पाहा. कार्बन साखळीतला असेल आणि त्याचा अल्डिहाइड हाताशी असेल, तर इमाइन करून हायड्रोजनेशन करा. अल्डिहाइड नसेल, टिकत नसेल किंवा अल्कोहोल स्वस्त मिळत असेल, तर हायड्रोजन उसना घेण्याची पद्धत. कार्बन अ‍ॅरोमॅटिक कड्यातला असेल, तर या दोन्ही पद्धतींचा उपयोग नाही. तिथे पॅलेडियम किंवा तांबं लागतं.

यातली पहिली पद्धत सर्वांत जुनी आणि साधी असल्यामुळे तिच्याबद्दल थोडक्यात. प्राथमिक अमाइन आणि अल्डिहाइड १:१ प्रमाणात मेथॅनॉलमध्ये किंवा टोल्युईनमध्ये एकत्र करून इमाइन पूर्ण होऊ द्यायचा. पूर्ण झाला की नाही ते एनएमआरवर (रेणूतले हायड्रोजन वेगवेगळे दाखवणाऱ्या चुंबकी वर्णपटावर) पाहायचं आणि मगच उत्प्रेरक व हायड्रोजन द्यायचा. सगळं एकदम टाकलं की दोन गोष्टी बिघडतात: मोकळा अल्डिहाइड सरळ अल्कोहोल होऊन जातो, किंवा तयार झालेलं दुय्यम अमाइन त्याच अल्डिहाइडला गाठून तृतीयक होतं. बेन्झिल गट असलेल्या रेणूत पॅलेडियम ऑन कार्बन (कार्बनच्या भुकटीवर बसवलेला पॅलेडियम) जपून वापरा. आम्ल असेल, दाब वाढला किंवा वेळ लांबला की तोच उत्प्रेरक बेन्झिल गट कापून काढतो. तिथे प्लॅटिनम ऑन कार्बन बरा. कड्यावर क्लोरीन किंवा ब्रोमीन असेल तर सल्फाइडने मंद केलेला प्लॅटिनम घ्या. हायड्रोजनेशननंतर गाळणीवर उरलेला उत्प्रेरक कधीच कोरडा पडू देऊ नका. मेथॅनॉलने ओला, हायड्रोजन शोषलेला पॅलेडियम ऑन कार्बन हवेत सुकला की पेट घेतो. केक ओला असतानाच पाण्याने भिजवून झाकणाच्या डब्यात टाका.

हायड्रोजन उसना घेणं

या पद्धतीत अल्कोहोलच अल्किल गट देतं. धातू अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून घेतो आणि त्याचा अल्डिहाइड होतो. अल्डिहाइड अमाइनशी जुळून इमाइन होतो व पाणी सुटतं. मग धातूने स्वतःजवळ ठेवलेला तोच हायड्रोजन इमाइनला परत केला जातो. हिशेबाच्या शेवटी बाहेर पडतं ते फक्त पाणी. निकेलवर असं अल्किलेशन १९३० च्या दशकातच झालं होतं. विरघळणाऱ्या धातुसंयुगांवर ते ग्रिग आणि वातानाबे यांच्या गटांनी १९८१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. आजच्या प्रयोगशाळेत सोयीचे ठरलेले दोन उत्प्रेरक आहेत: फुजिता आणि यामागुची यांचा सीपी-स्टार इरिडियम डायक्लोराइड डायमर, आणि विल्यम्स यांच्या गटाने वापरलेला पॅरा-सायमीन रुथेनियम डायक्लोराइड डायमर, ज्याच्यासोबत डीपीपीएफ किंवा डीपीईफॉस हा लिगंड घेतात.

एकाच गटावर थांबणं इथे कशामुळे जमतं? प्राथमिक अमाइनपासून उदासीन इमाइन होतो. दुय्यम अमाइनला तसा इमाइन करता येत नाही, त्याला धनभारित इमिनियममधून जावं लागतं. त्यात नायट्रोजनभोवती गर्दीही वाढलेली असते. त्यामुळे दुसरी फेरी बरीच मंदावते. मंदावते, थांबत नाही. अल्कोहोल भरपूर घेतलं, तापमान वाढवलं किंवा मेथॅनॉलसारखं लहान अल्कोहोल असलं की दुसरा गटही चढतो.

सरावासाठी अ‍ॅनिलीन आणि बेन्झिल अल्कोहोलपासून एन-बेन्झिलअ‍ॅनिलीन करून पाहावं. दोन्ही द्रव्यं सहज मिळतात आणि एनएमआरमध्ये प्रत्येक पदार्थाची खूण वेगळी दिसते. मापं २ मिलिमोलची:

अ‍ॅनिलीन ०.१८६ ग्रॅम (०.१८२ मिली)
बेन्झिल अल्कोहोल ०.२३८ ग्रॅम (०.२२८ मिली, १.१ इक्विव्हॅलंट, म्हणजे मोलच्या हिशेबात अमाइनच्या १.१ पट)
इरिडियम डायमर ३९.८ मिलिग्रॅम (०.०५ मिलिमोल, म्हणजे इरिडियम ५ मोल टक्के)
पोटॅशियम कार्बोनेट १३.८ मिलिग्रॅम (०.१ मिलिमोल)
कोरडं टोल्युईन २ मिली

१. अ‍ॅनिलीनचा रंग पाहा. ते पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं हवं. चहासारखं तपकिरी झालं असेल तर कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून घ्या. हातमोजे घालूनच काम करा. अ‍ॅनिलीन कातडीतून शरीरात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करतं.

२. ओव्हनमधून काढलेल्या जाड काचेच्या श्लेंक नळीत (निर्वात आणि आर्गॉन जोडता येणाऱ्या नळीत) चुंबकी ढवळणी, इरिडियम डायमर आणि कार्बोनेट घ्या. निर्वात करून आर्गॉन भरा. असं तीनदा करा.

३. सिरिंजने टोल्युईन, मग अल्कोहोल आणि शेवटी अ‍ॅनिलीन घाला. डायमरचा नारिंगी रंग अमाइन पडल्यावर बदलतो, त्यात काळजीचं काही नाही.

४. नळी बंद करा आणि ११० °से. च्या तेलबाथमध्ये १७ तास ठेवा. तेलाची पातळी आतल्या द्रवाच्या पातळीइतकीच हवी. वरची काच थंड राहिली की टोल्युईन तिथे परततं आणि घट्ट होणाऱ्या मिश्रणाला ढवळतं ठेवतं. नळीत निम्म्याहून जास्त जागा मोकळी हवी, आणि समोर संरक्षक काच हवी.

५. पूर्ण थंड झाल्यावरच फ्यूम हूडमध्ये उघडा. आत थोडा हायड्रोजन असू शकतो.

६. एक थेंब घेऊन ड्यूटेरोक्लोरोफॉर्ममध्ये एनएमआर करा. टीएलसीवर विसंबू नका, कारण सिलिकावर इमाइन फुटून अल्डिहाइड आणि अ‍ॅनिलीन वेगवेगळे दिसतात. त्यामुळे इमाइन उरलेला असला तरी प्लेट तो दाखवत नाही.

एनएमआर असा वाचा. ४.३३ पीपीएमच्या आसपासचा सिंगलेट (एकेरी शिखर) म्हणजे हवा असलेला पदार्थ. ८.४६ चा सिंगलेट म्हणजे उरलेला इमाइन. १०.० ला शिखर दिसलं तर बेन्झाल्डिहाइड. आता फसवी जागा: डायबेन्झिलअ‍ॅनिलीनचा मेथिलिन ४.६५ ला येतो आणि उरलेल्या बेन्झिल अल्कोहोलचा ४.६८ च्या जवळ. दोन्ही एकमेकांवर बसतात. अल्कोहोल १.१ इक्विव्हॅलंट घेतलेलं असल्यामुळे ते थोडं उरणारच, आणि ते शिखर पाहून ‘दुसरा गट चढला’ असं समजून चांगला प्रयोग बाद केला जातो. उलटही घडतं. शंका आली की नमुन्याचं वस्तुमान पाहा: प्रोटॉनसह एकगटी पदार्थ १८४, इमाइन १८२, दोन गट चढलेला २७४.

शुद्धीकरणासाठी लहान सिलिका कॉलम, हेक्सेन आणि एथिल अ‍ॅसिटेट ९५:५. पदार्थ पूर्ण उतरला तर ०.३६६ ग्रॅम मिळायला हवा. एन-बेन्झिलअ‍ॅनिलीन ३५ ते ३८ °से. ला वितळतं. म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरात ते बाटलीत द्रव दिसेल. तेवढ्यावरून ते अशुद्ध ठरवू नका.

इथे काय बिघडतं

सर्वांत जास्त वेळा दिसणारी तक्रार म्हणजे ‘इमाइनवरच थांबतं’. बहुतेक वेळा कारण साधं असतं: कंडेन्सरवरून आर्गॉनचा प्रवाह सतत वाहत ठेवलेला असतो. धातूने घेतलेला हायड्रोजन परत द्यायचा आहे, आणि आपण तो वायूसोबत उडवून लावतो. भांडं बंद ठेवा. उघड्या कंडेन्सरवर काम करायचंच असेल तर आर्गॉनचा फक्त फुगा लावा. इमाइन तरीही थोडा उरला, तर मिश्रण ० °से. ला आणून मेथॅनॉल आणि सोडियम बोरोहायड्राइडने तो कमी करून टाका. हे वर्कअपच्या (धुऊन वेगळं करण्याच्या) आधीच करायचं, कारण पाणी आणि सिलिका लागल्यावर तो इमाइन हाती लागत नाही.

क्रिया सुरूच होत नसेल तर गंधक शोधा. रेणूत थायोल असेल, किंवा कच्च्या मालात आधीच्या पायरीचं गंधक राहिलं असेल, तर धातू जागेवरच मरतो. रुथेनियमच्या पद्धतीत प्राथमिक अमाइनसाठी ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सिव्ह घालतात. ती ताज्या डब्यातून काढून तशीच टाकली तर काही उपयोग नाही. ती ३०० °से. ला निर्वातात कित्येक तास तापवून, आर्गॉनखाली थंड केलेली हवी.

कोणत्या रेणूत ही पद्धत वापरू नये तेही सांगायला हवं. दुहेरी बंध जवळ असेल तर हायड्रोजन तिकडेही जातो, किंवा बंध सरकतो. नायट्रो गट टिकेलच असं नाही. आणि अमाइनच्या अगदी शेजारच्या कार्बनवर किरालिटी (डावी-उजवी रचना) असेल तर फार सावध राहा. हेच धातू त्या अमाइनमधूनही हायड्रोजन काढून परत देतात, आणि परत देताना बाजू विसरतात. ईल्ड ९० टक्के दिसतो, पण किरल एचपीएलसीवर (डावं-उजवं रूप वेगळं करणाऱ्या कॉलमवर) अर्धं काम वाया गेलेलं असतं. असा रेणू असेल तर आधी ५० मिलिग्रॅमवर करून किरल कॉलमवर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक हिशेब इथेच करून टाकू. वरच्या प्रयोगात इरिडियम १९ मिलिग्रॅम आहे आणि पदार्थ जेमतेम ३६६ मिलिग्रॅम. शिकायला हे ठीक. पण पद्धत जमली की पहिलं काम धातू २ मोल टक्क्यांवर, मग १ वर आणून पाहण्याचं. लोह, कोबाल्ट आणि मँगनीज यांच्यावरही ही क्रिया करता येते. नोल्करच्या लोह-संयुगावर ती २०१४ मध्ये दाखवली गेली. मात्र त्यांना तापमान जास्त लागतं आणि हवेपासून जपावं लागतं, म्हणून सुरुवात त्यांनी करू नका.

अ‍ॅरिल गट: बुखवाल्ड–हार्टविग

अ‍ॅरिल म्हणजे अ‍ॅरोमॅटिक कड्यातल्या कार्बनने जोडला जाणारा गट. १९८३ मध्ये मिगिता यांनी पॅलेडियमवर अ‍ॅरिल ब्रोमाइड आणि कथिलाचं अमाइड जोडलं. १९९५ मध्ये बुखवाल्ड आणि हार्टविग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कथिलाची गरज संपवली: मोकळं अमाइन आणि तीव्र बेस पुरेसा झाला. त्यानंतरच्या वर्षांत खरी भर पडली ती लिगंडमध्ये. लिगंडांची यादी आज इतकी लांब झाली आहे की नवा माणूस गोंधळतो. त्याने दोनच बाटल्या ठेवाव्यात: प्राथमिक अमाइनसाठी ब्रेटफॉस, दुय्यम अमाइनसाठी रुफॉस. दहापैकी बहुतेक कामं यातच भागतात. ब्रेटफॉस धातूभोवती एवढी गर्दी करतो की प्राथमिक अमाइन आत शिरतं, पण त्यातून तयार झालेलं दुय्यम अमाइन सहसा बाहेरच राहतं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिगंड देतो.

धातू म्हणून पॅलेडियम अ‍ॅसिटेट आणि मोकळा लिगंड घेऊन आधी क्रियाशील रूप तयार करण्याची पद्धत अजून चालते. पण तिसऱ्या पिढीचे तयार प्रीकॅटॅलिस्ट, म्हणजे जी३, वापरले की एक मोठी अनिश्चितता संपते. बेस पडला की ते स्वतःच उघडतात आणि कार्बाझोल सोडतात. त्यामुळे अतिनील दिव्याखाली प्लेटवर एक चमकदार अनोळखी ठिपका दिसतो. तो पाहून घाबरायचं कारण नाही.

पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिसोल आणि मॉर्फोलिन घेऊन ५ मिलिमोलचा प्रयोग:

४-ब्रोमोअ‍ॅनिसोल ०.९३५ ग्रॅम (०.६३ मिली)
मॉर्फोलिन ०.५२३ ग्रॅम (०.५२ मिली, १.२ इक्विव्हॅलंट)
सोडियम टर्ट-ब्युटॉक्साइड ०.५७७ ग्रॅम (१.२ इक्विव्हॅलंट)
रुफॉस पॅलेडियम जी३ ४१.८ मिलिग्रॅम (१ मोल टक्का)
रुफॉस २३.३ मिलिग्रॅम (१ मोल टक्का)
कोरडं, ऑक्सिजन काढलेलं टोल्युईन ५ मिली

१. ब्युटॉक्साइड तपासा. चांगला माल पांढरा, कोरडा, सुटा भुकटा असतो. डब्याच्या तोंडाशी गुठळ्या झाल्या असतील तर तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन बसलेला आहे. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर डबा उघडून वजन करेपर्यंत भुकटी ओलसर होते. म्हणून मोठा डबा ग्लोव्हबॉक्समध्ये, किंवा कोरड्या दिवशी, पाच-पाच ग्रॅमच्या बाटल्यांत आर्गॉनखाली वाटून ठेवा आणि दर वेळी नवी बाटली फोडा. या एका सवयीने पावसाळ्यातले निम्मे फसलेले प्रयोग वाचतात.

२. टोल्युईनमधून सुईने आर्गॉन बुडबुडवा. या लहान मापाला वीस मिनिटं पुरतात. घन फॉस्फिन हवेत बऱ्यापैकी टिकतात, पण द्रावणातला क्रियाशील पॅलेडियम ऑक्सिजन सहन करत नाही.

३. नळीत प्रीकॅटॅलिस्ट, रुफॉस आणि ब्युटॉक्साइड घ्या. निर्वात आणि आर्गॉन, तीन फेऱ्या. निर्वात हळू उघडा, नाहीतर भुकटी उडून व्हॅक्यूमच्या नळीत जाते आणि ४१.८ चे ३० मिलिग्रॅम कधी झाले ते कळत नाही.

४. ब्रोमोअ‍ॅनिसोल, मॉर्फोलिन आणि टोल्युईन सिरिंजने घाला.

५. ९० °से. ला तापवा आणि जोरात ढवळा. सोडियम ब्रोमाइड बाहेर पडून मिश्रण दुधाळ, घट्ट होतं. ढवळणी अडकली तर क्रियाही अडकते. तासाभराने पहिला नमुना घ्या, बऱ्याच वेळा तोवर बरंच काम झालेलं असतं. पुढचा नमुना चार तासांनी.

६. थंड करून एथिल अ‍ॅसिटेट घाला, सेलाइटमधून गाळा, आणि दोनदा पाण्याने धुवा म्हणजे उरलेलं मॉर्फोलिन निघून जातं.

७. आता कॉलम टाळता येतो. सेंद्रिय थर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने दोनदा हलवा. अ‍ॅरिलमॉर्फोलिन आम्लात जातं. न वापरलेलं ब्रोमाइड, अ‍ॅनिसोल, कार्बाझोल आणि बहुतेक फॉस्फिन वरच्या थरात राहतात. आम्लाचा थर बर्फात ठेवून सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १० च्या वर न्या आणि एथिल अ‍ॅसिटेटमध्ये परत काढा. सुकवा, गाळा, रोटाव्हॅपवर आटवा.

पूर्ण ईल्ड ०.९६६ ग्रॅम. एनएमआरमध्ये ३.८६ आणि ३.०६ च्या आसपास चार-चार प्रोटॉनचे दोन गट, ३.७७ ला मेथॉक्सीचा सिंगलेट, ६.९ जवळ चार अ‍ॅरोमॅटिक प्रोटॉन. वस्तुमान १९४.

पॅलेडियमचा प्रयोग फसला तर

ब्रोमाइड संपलं आणि पदार्थ कमी आला, तर अ‍ॅनिसोल शोधा. पॅलेडियमवर बसलेल्या अमाइनने शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन देऊन टाकला की ब्रोमीनच्या जागी नुसता हायड्रोजन येतो. अ‍ॅनिसोल १५४ °से. ला उकळतं, म्हणून रोटाव्हॅपवर बरंचसं उडून जातं आणि मग ‘माल गेला कुठे’ हे कोडं पडतं. हिशेब लावायचा असेल तर आटवण्याआधीच जीसी (वायू क्रोमॅटोग्राफी) करा. यावर उपाय म्हणजे जास्त गर्दीचा लिगंड, कमी तापमान.

ब्रोमाइड तसंच राहिलं आणि भांड्याच्या काचेवर काळी राख बसली, तर पॅलेडियम धातूरूपात पडला आहे. आता आणखी तापवून काही होत नाही. आणखी १ टक्का उत्प्रेरक घालूनही तो पुन्हा काळा पडला, तर कारण बहुधा ऑक्सिजन किंवा ओला बेस.

एनएमआरमध्ये मेटा समघटक दिसला तर पॅलेडियमला दोष देऊ नका. तीव्र बेसने ब्रोमाइडमधून बेन्झाइन तयार होऊन अमाइन दोन्ही बाजूंनी जोडलं गेलं आहे. पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड आणि जास्त तापमान असताना हे होतं. आणि कड्यावर नायट्रो किंवा सायनोसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा गट असेल, तर पॅलेडियमशिवायचा एक कोरा प्रयोग आधी करा. कित्येकदा नुसतं अमाइन आणि उष्णता पुरते, आणि महागडा धातू वाचतो.

रेणूत एस्टर असेल तर टर्ट-ब्युटॉक्साइड वापरू नका, तो एस्टर खातो. त्याऐवजी सिझियम कार्बोनेट किंवा पोटॅशियम फॉस्फेट घ्या, द्रावक टर्ट-ब्युटॅनॉल. हे बेस विरघळत नाहीत, म्हणून बारीक वाटलेले आणि सुकवलेले हवेत. ढोबळ दाण्यांचं कार्बोनेट घेऊन ‘सौम्य बेस चालत नाही’ असा निष्कर्ष काढणं अन्याय आहे. टर्ट-ब्युटॅनॉल २५ °से. ला गोठतं, थंडीत सिरिंजच्या सुईत दगड होतो. बाटली आणि सिरिंज कोमट करून घ्या.

अ‍ॅरिल आयोडाइड सर्वांत चपळ असेल ही समजूत इथे चुकते. सुटलेला आयोडाइड पॅलेडियमला धरून बसतो आणि क्रिया मंदावते. टोल्युईनमध्ये सोडियम आयोडाइड विरघळत नसल्यामुळे हा त्रास कमी होतो. ब्रोमाइड किंवा क्लोराइड मिळत असेल तर तेच घ्या.

एकाच रेणूत दोन हक्कदार

खरी परीक्षा असते ती रेणूत दोन नायट्रोजन, किंवा नायट्रोजन आणि ऑक्सिजन, शेजारी असताना. पिपरॅझिनचे दोन्ही नायट्रोजन सारखेच. तिथे लिगंडवर भरवसा ठेवण्यापेक्षा एका बाजूला बॉक हा संरक्षक गट असलेलं पिपरॅझिन विकत घेणं स्वस्त पडतं. मोकळंच वापरायचं असेल तर तीन इक्विव्हॅलंट घ्या, उरलेलं पाण्याने धुऊन जातं.

अमिनोअल्कोहोल असेल तर तांबं पॅलेडियमपेक्षा सरस ठरतं. २००७ मध्ये बुखवाल्ड यांच्या गटाने दाखवलं की धातू तोच ठेवून फक्त लिगंड बदलला की जागा बदलते. कॉपर आयोडाइड ५ मोल टक्के, २-आयसोब्युटिरिलसायक्लोहेक्झॅनोन २० मोल टक्के, सिझियम कार्बोनेट २ इक्विव्हॅलंट, डीएमएफ, अ‍ॅरिल आयोडाइड, तेही खोलीच्या तापमानाला: अ‍ॅरिल गट नायट्रोजनवर जातो. त्याऐवजी टेट्रामेथिलफेनँथ्रोलिन घेऊन टोल्युईनमध्ये तापवलं की तो ऑक्सिजनवर जातो. अमिनोफिनॉलमध्ये हीच विभागणी धातू बदलून होते: पॅलेडियम नायट्रोजन निवडतो, तांबं ऑक्सिजन. संरक्षक गट चढवायच्या आणि उतरवायच्या दोन पायऱ्या अशा वाचतात. म्हणून या जागी लिगंड तपासायला दोन दिवस गेले तरी ते सत्कारणी लागतात.

जागा कोणती लागली ते वस्तुमानावरून कळत नाही, दोन्ही समघटकांचं वजन एकच. द्विमितीय एनएमआरमध्ये अ‍ॅरिल गटाचा कार्बन कोणाशी बोलतो ते पाहा. सोपी चाचणी हवी असेल तर अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडने अ‍ॅसिटिलेट करा. अमाइन मोकळं असेल तर अमाइड, अल्कोहोल मोकळं असेल तर एस्टर, आणि इन्फ्रारेडमध्ये कार्बोनिल वेगवेगळ्या जागी दिसतो.

धातू बाहेर काढणं

वरच्या मॉर्फोलिनच्या प्रयोगात पॅलेडियम ५.३ मिलिग्रॅम आहे. तो सगळा पदार्थात राहिला तर सुमारे ५,५०० पीपीएम. तोंडावाटे घेण्याच्या औषधात आयसीएच क्यू३डी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पॅलेडियमची रोजची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. दिवसाला १० ग्रॅम औषध धरलं तर ती १० पीपीएम होते. इरिडियम आणि रुथेनियमलाही तोंडावाटे हीच मर्यादा आहे. तारापूर, महाड किंवा रोह्याच्या कारखान्यात ही क्रिया न्यायची असेल तर हा आकडा पहिल्या दिवसापासून समोर हवा.

अमाइन स्वतःच धातूला धरून ठेवतं, म्हणून नुसत्या कॉलमवर विसंबता येत नाही. आम्ल-अल्कली धुण्याच्या पायरीतच एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचं पाण्यातलं द्रावण घेऊन सेंद्रिय थर ५० °से. ला तासभर हलवा. गंधक धातूला अमाइनपेक्षा घट्ट पकडतं आणि पाण्यात घेऊन जातं. उरलेल्यासाठी थायोल लावलेली सिलिका, तीही रात्रभर ढवळून. प्रत्येक टप्प्यानंतर आयसीपी (धातूचं प्रमाण मोजणारी चाचणी) करून घ्या. रंग हा पुरावा नाही. पांढऱ्याशुभ्र पदार्थातही शंभर पीपीएम पॅलेडियम सापडतं.

कॉलम लावलाच तर अमाइन सिलिकावर शेपटी काढतं. द्रावकात १ टक्का ट्रायएथिलअमाइन घाला आणि त्याच द्रावकाने कॉलम आधी धुऊन घ्या. नुसतं नमुन्यात घालून उपयोग नाही.

माप वाढवताना

पाच मिलिमोलला जमलेलं अर्ध्या मोलला तसंच जमत नाही, त्याचं पहिलं कारण उष्णता. नळीत सगळं एकत्र टाकून तापवलं तर चालतं. मोठ्या भांड्यात उत्प्रेरक एकदम जागा झाला की तापमान हाताबाहेर जातं. तिथे अमाइन, बेस, उत्प्रेरक आणि टोल्युईन ८० °से. ला आणून अ‍ॅरिल ब्रोमाइड पंपाने हळूहळू सोडा. पहिला दहावा भाग सोडल्यावर थांबा आणि नमुना पाहा. क्रिया सुरू झाल्याची खात्री झाल्याशिवाय उरलेलं सोडू नका, नाहीतर ब्रोमाइड साठत जातं आणि नंतर क्रिया एकदम भडकते.

दुसरं कारण ऑक्सिजन. मोठ्या भांड्यात निर्वात-आर्गॉनच्या तीन फेऱ्या पुरत नाहीत. द्रावकाच्या तळातून नायट्रोजन बुडबुडवावा लागतो आणि ऑक्सिजन मीटरने तपासावा लागतो. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट ४ °से. आहे आणि ते ओतताना स्थिर वीज साठते, म्हणून ड्रम, पंप आणि भांडं अर्थिंगला जोडल्याशिवाय झडप उघडायची नाही. हायड्रोजन उसना घेण्याच्या क्रियेत मोठं भांडं पूर्ण बंद ठेवता येत नाही. तिथे दाब सोडणारा व्हॉल्व्ह ठराविक दाबाला लावून त्याची नळी छताबाहेर काढा, आणि ती नळी मिठाने तुंबलेली नाही हे प्रत्येक बॅचच्या आधी फुंकून पाहा.